पाकात मोजायचं असतं ते पाणी

ठाण्याहून इंदूरला राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. रव्याच्या लाडवांचा पाक तिकडे जमायचा, इथे आल्यापासून बिघडतो. म्हणून त्यांनी थर्मामीटर आणला. इंटरनेटवरच्या एका तक्त्यात तार येण्याची पायरी ११० अंश सेल्सिअस दिली होती, तिथपर्यंत पाक नेला, तर रवा भुरभुरीत कोरडा पडला आणि जे लाडू वळले गेले ते दगडासारखे झाले. सोबत आणखी दोन शंका आहेत. मुलाच्या पुस्तकात साखर १८६ अंशांना वितळते असं लिहिलंय, मग पाक शंभरीच्या जरा वरच कसा होतो? आणि साखरेची चिक्की करताना पाक मध्येच पांढरा, रवाळ का होतो?

ताई, माझं इथे फराळाचं काम आहे. दिवाळीला लाडू, चिरोटे, संक्रांतीला काटेरी हलवा, आणि वर्षभर लहानमोठ्या मिठाया. पाकाशी रोजचा संबंध येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा खरा प्रश्न तापमानाचा नाही. पाकात पाणी किती उरलं हे कसं ओळखायचं, हा आहे.

आधी पुस्तकातल्या आकड्याचं बघू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. कढईत साखर आणि पाणी एकत्र ठेवलं की साखर विरघळते. पाण्याचे रेणू साखरेच्या दाण्यात शिरून तिचे रेणू सुटे करतात, पण प्रत्येक रेणू मात्र शाबूत राहतो. त्याला १८६ अंश लागत नाहीत, गार पाण्यातही हे होतं, फक्त सावकाश. गरम पाण्यात साखर लवकर विरघळते आणि मावतेही कितीतरी जास्त. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या पुढे. हा फरक लक्षात ठेवा, चिक्कीच्या वेळी कामाला येईल.

साखर विरघळली की पुढचं सगळं काम पाणी आटवण्याचं. साधं पाणी शंभर अंशांना उकळतं आणि कितीही मोठी आच केली तरी वर चढत नाही. साखर विरघळलेलं पाणी त्याहून वरच्या तापमानाला उकळतं, आणि पाणी जितकं कमी होत जाईल तितका उकळबिंदू वर जातो. म्हणून थर्मामीटरवर दिसणारा आकडा हा खरं तर उरलेल्या पाण्याचा हिशोब असतो. निम्मी साखर आणि निम्मं पाणी असेल तर उकळी १०२ च्या आसपास. साखर ६० टक्के झाली की १०३. ७० टक्क्यांना साधारण १०५ ते १०६, ८० टक्क्यांना १११ ते ११२, ९० टक्क्यांना १२३ च्या आसपास आणि ९५ टक्क्यांना १४०. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, इंदूरचे नाहीत. त्याकडे येतेच.

आता हेच आकडे तुमच्या कढईत घालून बघा. अर्धा किलो साखर घेतली असं धरू. पाक ६० टक्क्यांवर असताना तिच्याबरोबर ३३० ग्रॅम पाणी असतं. ७० टक्क्यांना ते सव्वादोनशेच्या आत येतं, ८० टक्क्यांना सव्वाशे ग्रॅमच उरतं. म्हणजे १०३ वरून ११२ पर्यंत जाताना, नऊ अंशांत, दोनशे ग्रॅम पाणी उडून गेलं. लाडवाच्या पाकात एकेका अंशाला एवढं महत्त्व असतं. पुढे १२३ वरून १४० वर जाताना सतरा अंशांत तीस ग्रॅमसुद्धा उडत नाही. म्हणूनच चिक्कीवाल्याला दोन अंश इकडेतिकडे चालून जातात, लाडू करणाऱ्याला जात नाहीत.

रव्याच्या लाडवांना लागतो तो एकतारी पाक, म्हणजे दोन बोटांत धरून ताणला की एक तार निघते तो, माझ्या हाताला ७० टक्क्यांच्या जवळपास मिळतो. काही जणींचा ६८ ला असेल, काहींचा ७२ ला, कारण तार केवढी ताणायची हे ज्याच्या त्याच्या घरच्या वळणावर असतं. इंग्रजी तक्त्यांतली तार येण्याची पायरी मात्र १०६ पासून ११२ पर्यंत पसरलेली असते आणि ती साधारण ८० टक्क्यांची समजतात. ती आपली एकतारी नव्हे, त्यातला वरचा भाग तर गोळीबंदच्या, म्हणजे गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते त्या पाकाच्या, उंबरठ्यावर आहे. तुम्ही ११० घेतलात तिथेच पाक रव्याच्या लाडवांना जड झाला होता.

त्यात इंदूरची भर पडली. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे साधं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि पाकाची सगळी शिडी दोन अंशांनी खाली येते. इथल्या थर्मामीटरवर ११० दिसले तेव्हा तुमचा पाक समुद्रकाठच्या ११२ चा होता. वर काढलेल्या हिशोबाने अर्ध्या किलो साखरेमागे ऐंशी-नव्वद ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी पाणी हवं त्यापेक्षा कमी. तेवढं पाणी भाजलेला रवा फुलायला लागतं. ते मिळालं नाही, म्हणून रवा कोरडा राहिला. (पुणंही जवळपास आपल्याएवढ्याच उंचीवर आहे, तिथेही हीच वजाबाकी करावी. वडोदऱ्यात गरज नाही. ग्वाल्हेरला अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडेल.)

उपाय सोपा आहे. थर्मामीटर आधी साध्या उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. जो आकडा दिसेल तो शंभरातून वजा करा आणि तेवढेच अंश पाककृतीतल्या आकड्यातून कमी करा. यात गावाची उंचीही धरली जाते आणि थर्मामीटरच मुळात चुकीचा दाखवत असेल तर तेही. रव्याच्या लाडवांना मी इथे १०३ ते १०४ वर गॅस बंद करते.

पण हेही सांगायला हवं की तुम्ही ठाण्याला बोटाने तार बघत असाल आणि इथेही बोटानेच बघितली असेल, तर उंचीला दोष देता येत नाही. बोटाला तापमान कळत नाही, चिकटपणा कळतो, आणि चिकटपणा पाण्याच्या प्रमाणावर आणि थेंब किती निवलाय त्यावर ठरतो. ७० टक्क्यांचा पाक मुंबईत आणि इंदुरात सारखीच तार देतो. मग बिघडलं कुठे, हे तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, पण मी आधी कुठे बघेन ते सांगते. कढई बदलली का? जाड बुडाची पितळी किंवा लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही पाक आटवत राहते. अशा कढईत पाक जरा आधी उतरवायचा, नाहीतर लगेच त्यात रवा घालायचा. शेगडी मोठी झाली का? मोठ्या आचेवर एकतारीपासून गोळीबंदपर्यंतचं अंतर बघता बघता संपतं. रवा जाड मिळाला का? जाड रवा पाणी जास्त ओढतो आणि सावकाश ओढतो. आणि इथली हवा. दिवाळीत माळव्यात कोरडं पडायला लागलेलं असतं, मिश्रण उघडं ठेवलं तर वरचा थर तासाभरात सुकतो. ठाण्याच्या दमट हवेत झाकण नसलं तरी चालत असेल, इथे नाही चालत.

बोटाची परीक्षा घेताना थेंब बशीत काढून निवू द्या आणि मगच अंगठा आणि तर्जनीत धरा. गरम थेंबाची तार येत नाही, म्हणून माणूस पाक पुढे नेत राहतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींकडून बहुतेक वेळा इथेच गडबड होते. बशी थंड असावी, आणि थेंब बघेपर्यंत आच मंद करावी.

साखर एस-३० असो की एम-३०, म्हणजे दाणा बारीक असो की मोठा, पाकात काही फरक नाही. मोठा दाणा विरघळायला वेळ लावतो एवढंच. उकळी आल्यावर चमचाभर दूध घातलं की त्यातली प्रथिनं गोठताना साखरेतली मळी आपल्याबरोबर वर आणतात, ती झाऱ्याने काढून टाकावी. दुधाने पाक पक्का होतो असं काही जणी समजतात, पण दुधाचं काम स्वच्छतेचं, तारेशी त्याचा संबंध नाही.

आता तिसरा प्रश्न, रवाळ होण्याचा. पाकाची खरी विद्या मला इथे वाटते. साधारण तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर मावते असं वर म्हटलं, म्हणजे पाक ६७ टक्क्यांचा झाला. त्याच्या वरचा कुठलाही पाक निवल्यावर पोटात मावेल त्यापेक्षा जास्त साखर घेऊन बसलेला असतो. तो अस्थिर असतो. त्याला एक दाणा मिळाला, कढईच्या काठाला चिकटलेला, कोरड्या चमच्यावरचा, कसलाही, की जास्तीची साखर त्या दाण्याभोवती रचायला लागते. गुलाबजामचा पाक ६० च्या आसपास ठेवतात, म्हणून तो पातळ राहतो. चिक्कीचा पाक ९८-९९ टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, म्हणून त्याला एका दाण्याचं निमित्त पुरतं.

तेव्हा कुठलाही पदार्थ करण्याआधी मी एकच गोष्ट ठरवते, यात दाणा हवा आहे की नको. रव्याच्या लाडवात तो हवा असतो. गरम पाकात रवा घातला की रवा पाणी ओढून घेतो, उरलेल्या पाकात साखर जास्त होते, ती बारीक दाण्यांच्या रूपाने बाहेर येते आणि लाडू धरून ठेवते. मिश्रण दोन-तीन तास मुरवायचं ते यासाठी. पाकातल्या चिरोट्यांवरचा पांढरा कोरडा थर म्हणजे दाणाच. म्हणून चिरोट्यांच्या पाकाला दोनतारीपर्यंत न्यायचं आणि लिंबू टाळायचं. बुरा, म्हणजे भुकटीसारखी बारीक साखर, करताना पाक गोळीबंदच्या पुढे नेऊन उतरवायचा आणि जोराने घोटायचा, म्हणजे एकाच वेळी असंख्य दाणे पडतात आणि एकही मोठा होत नाही. उलट, दाट पाकात दोरा सोडून तो न हलवता बरेच दिवस ठेवला तर थोडेच दाणे पडतात आणि वाढत राहतात, ती खडीसाखर. साखर तीच, पाणी तेच, फरक हलवण्याचा.

आणि काटेरी हलवा. संक्रांतीला सुनेला हलव्याचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाला हलवा, हे आपल्याकडच्या मराठी घरांत अजून टिकून आहे याचा मला फार आनंद आहे. परातीत खसखस किंवा तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद विस्तव, आणि एकतारी पाक थेंबाथेंबाने सोडत बोटांनी फिरवत राहायचं. प्रत्येक थेंबाचं पाणी उडतं आणि साखर आधीच्या दाण्यावर बसते. जिथे जरा उंचवटा असतो तिथे नवा थर आधी धरतो, आणि हळूहळू काटा उभा राहतो. घाई करून पाक जास्त ओतला तर तीळ एकमेकांना चिकटतात आणि काटे बुजतात. आच वाढवली तर पांढरा रंग जातो. यात मी लिंबाचा थेंबही घालत नाही. हे काम कित्येक दिवस चालतं आणि हवा कोरडी असेल तरच नीट होतं. पौषातली इंदूरची कोरडी थंडी त्याला अगदी मानवते.

चिक्कीत, जिलबीत, गोळ्यांत मात्र दाणा नको असतो. तिथे लिंबू कामाला येतं. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आंबट आणि उष्णता एकत्र आली की काही जोड्या सुटतात. या सुट्या साखरा दाण्याच्या रचनेत बसत नाहीत, रांगेत अडथळा आणतात, आणि दाणा वाढत नाही. इथल्या सराफा बाजारात रात्री उशिरापर्यंत चाशनीची, म्हणजे पाकाची, कढई शेगडीवर असते, पाणी सतत उडत असतं, तरी ती साखरत नाही, याचं कारण हलवाई चाशनीत लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालतात. कारखान्यात हेच काम लिक्विड ग्लुकोज करतं. गुळात अशी फुटलेली साखर मुळातच असते, म्हणून गुळाची चिक्की सहसा रवाळ होत नाही आणि साखरेची होते. पण लिंबू जास्त झालं तर उलटा त्रास. सुटं झालेलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं, चिक्की दुसऱ्या दिवशी चिकट होते. श्रावणातल्या हवेत तर नक्कीच. अर्धा किलो साखरेला अर्ध्या लिंबाच्या आत राहावं.

तुमच्या चिक्कीसाठी हे करा. साखर आणि पाणी मंद आचेवर ठेवून दाणा पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की चमचा बाहेर, त्यानंतर ढवळायचं नाही. दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेचं पाणी कडेने ओघळून तिथे चिकटलेले दाणे धुऊन नेतं. मग लिंबाचा रस, आणि आच वाढवा. गार पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन कट्‌कन तुटला की पाक तयार, थर्मामीटरवर तो इथे १४५ ते १५२ च्या दरम्यान दिसेल. शेंगदाणे भाजलेले आणि गरम असावेत, गार दाणे घातले की पाक जागच्या जागी गोठतो. मध्येच रवाळ झालाच तर टाकून देऊ नका. पाऊण वाटी पाणी घाला, दाणा पुन्हा पूर्ण विरघळू द्या आणि पहिल्यापासून सुरू करा. जोपर्यंत रंग आलेला नाही तोपर्यंत साखर बिघडलेली नसते, तिच्याजवळचं पाणी फक्त कमीजास्त झालेलं असतं.

इथवरचं थोडक्यात धरायचं तर: विरघळताना साखर तशीच राहते, आटताना पाणी जातं, आणि निवताना दाणा पडू द्यायचा की नाही ते आपल्या हातात असतं. राहिली ती कोरडी साखर तापवण्याची गोष्ट, आणि मुलाच्या पुस्तकातला १८६ तिथला आहे.

पाणी न घालता साखर कढईत तापवली की ती पातळ होते, पण बर्फ वितळतो तसं ते नाही. बर्फाचं पाणी गोठवलं की पुन्हा बर्फच मिळतो. साखर पातळ होता होता फुटायलाही लागते, तिच्यातून पाणी बाहेर पडतं, नवे तपकिरी पदार्थ तयार होतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की साखर कुठल्या तापमानाला पातळ होईल हे ती किती वेगाने तापवली यावर अवलंबून असतं. सावकाश तापवली तर ती बरीच आधी पातळ होते आणि पिवळी पडते. म्हणून एका पुस्तकात १८६ असतं आणि दुसऱ्यात १६० सापडतं. मुलाला सांगा की पुस्तक चुकलेलं नाही, पण हा आकडा पाण्याच्या शंभरासारखा पक्का नव्हे.

साधारण १६० च्या पुढे रंग सोनेरी होतो, १७० ला मधासारखा, त्यानंतर लाल आणि मग कडू काळा. सोनेरीपासून जळकटपर्यंत जायला वेळ लागत नाही, कारण आता आच अडवायला पाणीच उरलेलं नसतं. गोडी कमी होते, थोडा आंबटपणा, थोडा कडवटपणा, लोण्यासारखा वास येतो. कॅरमलच्या या रंगाच्या आकड्यांतून इंदूरचे दोन अंश वजा करू नका. इथे उकळण्याचा प्रश्न नाही, साखरच फुटते आहे, आणि त्याला हवेच्या दाबाशी देणंघेणं नाही. मावा बाटीचा (खव्याची तळलेली मिठाई) किंवा गुलाबजामचा तपकिरी रंग मात्र बहुतांशी या जातीचा नाही. तो दुधातली साखर आणि प्रथिनं एकत्र तापल्याने येतो. फ्रान्सच्या लुई-कामिय मायार यांनी ही क्रिया १९१२ मध्ये मांडली. ती कमी तापमानालाही होते, म्हणून बासुंदी मंद आचेवर आटवली तरी तिला गुलाबी झाक येते.

एक गोष्ट कळकळीने. कॅरमलमध्ये पाणी घालायचं असेल तर गरम पाणी, थोडं थोडं, तोंड लांब ठेवून. १७० अंशांच्या साखरेवर गार पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि साखर उडते. ती कातडीला चिकटते, तेलासारखी ओघळून जात नाही. शेजारी गार पाण्याचं पातेलं भरून ठेवा आणि लहान मुलांना ओट्यापाशी येऊ देऊ नका.

आता हाताशी असलेले दगडासारखे लाडू. ते फोडून हाताने जमेल तितके बारीक करा. अर्धा किलो साखरेचे असतील तर कोमट पाणी अर्धी वाटी, पण एकदम नको, चमच्या-चमच्याने शिंपडत कालवा. ताटाने झाकून तासभर ठेवा, मग मुठीत दाबून बघा. मूठ धरली तर तूप चमचाभर गरम करून घाला आणि वळा, नाही धरली तर आणखी दोन चमचे पाणी आणि पुन्हा तेवढाच वेळ. पाण्याऐवजी दूध घेतलंत तर चव छान येते, पण मग लाडू फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.